ओलं आभाळ

—बोट लावू नका. वहिनी, बोट लावू नका म्हटलं ना, ओलंय अजून. चहा तिकडे ठेवा, खिडकीत — नाही, ब्रशांच्या बरणीजवळ नको, मागे एकदा टर्पेन्टाइन समजून चहातच ब्रश बुडवला होता मी. आज एकदम चहा घेऊन वर? इतक्या वर्षांत नणंदेला कधी वर चहा आणून दिल्याचं मला तरी आठवत नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता, सरळ विचारा — वाळलं का? नाही वाळलं. सांगा दादाला.

शब्द त्यानंच दिलाय. ‘चित्र वाळेपर्यंत खोली तुझी, मग जिन्याखालच्या खोलीत जा’ — तुमच्यादेखत बोललाय. त्याला वाटलं भिंतीचा रंग असेल, संध्याकाळी लावला की सकाळी टेकून उभं राहावं. तेलरंग आहेत हे, सावकाश वाळतात. आणि ओलं चित्र जिन्याखाली नेलं तर तिथली सगळी धूळ आभाळात जाऊन बसेल. हसू नका. तुमच्या चिरंजीवांना कामाला उजेडाची खोली हवी — आणि दिवसभर बसतो तो पडदे ओढून. जिन्याखाली त्याला काय कमी पडेल? असो, मी काही बोलत नाही.

तो खिडकीशेजारी छापील कागद लावलाय ना, ते मूळ चित्र. कोणी जुना चित्रकार, कधीचा मेलाय. क्लासचे सर म्हणतात, शिकायचं तर थोरांची नक्कल करा — ढगाच्या पोटाखाली त्यानं काळं कुठं ठेवलं, ते नुसतं बघून कळत नाही, हातानं करावं लागतं. माझे ढग उशांसारखे होतात. मग खरवडते, पुन्हा करते. वेळ लागणारच.

वास? लवंगेचा. दाढ दुखतेय माझी, लवंगेचं तेल लावते. नाही, डॉक्टर नको.

कुठलं घर? हां, ते कागदावरचं, नदीपलीकडचं. नाही काढलं अजून, ते शेवटी. म्हणजे काढलं होतं तसं — चांगलं आलं होतं, धुराड्यासकट, इतकं चांगलं माझ्या हातून दुसरं काहीच आलं नव्हतं. पुसलं. का म्हणजे? ते घर काढलं की चित्र संपतं, वहिनी. संपलं की वाळतं. रंगात लवंगेच्या तेलाचे थेंब कितीही घाला, कधीतरी वाळतंच—

दाढ म्हणाले मी. दाढच दुखतेय.

आणि असं बघू नका माझ्याकडे. बाबांचं सगळं मी याच खोलीत केलंय. त्यांना कुशीवर वळवायला कधी आला होतात वर? खाली वास येतो म्हणून जिन्याचं दार लावून घ्यायचात, ते आम्हाला दोघांनाही ऐकू यायचं. ते गेले, पलंग हलवला, त्याच जागी हा स्टँड उभा केला — कारण सकाळी जाग यायची आणि करायला काहीच नसायचं. मला नाही जायचं जिन्याखाली. तिथे खिडकी नाही. झालं? हेच ऐकायला आला होतात ना?

काय करताय — वहिनी. बोट दाखवा. इकडे करा, उजेडात.

कोरडं आहे.

बरं. सरका जरा. ती सुरी द्या — ती पातळ. नका देऊ, घेते मी. हे बघा, नुसती वर साय धरलीये, खाली ओलंच आहे. हे ढग जमले होते हो मला. पहिल्यांदाच जमले होते. आता हा सगळा पट्टा जाणार, आणि नदीत त्यांची सावली आहे, तीही. दादाला सांगा, आभाळ पुन्हा सुरू केलंय.

चहा घेऊन जा. आणि दार लावून घ्या, ते तुम्हाला जमतं.