डाव्या बाजूचा डबा

क्षिप्रा : आज साडेचार वाजता दादांनी तुझ्या त्या छोट्या गाडीचा डावीकडचा डबा उचकटून काढला. पकडीनं.

सलिल : पडला असेल गं. कालच तर चिकटवला होता.

क्षिप्रा : पडला नाही. मी समोरच बसले होते. चष्मा लावला, गाडी डोळ्यांजवळ धरली, म्हणाले, हा इथं कोणी लावला? आणि पक्कड मागितली. मला वाटलं काही सैल झालंय. मीच दिली आणून.

सलिल : बघू. रंगासकट निघालाय. खालचं पांढरं प्लास्टिक दिसायला लागलं.

क्षिप्रा : सॉरी. पण ते राहू दे. डबा होता ना तिथं? खऱ्या गाडीला? एवढंच सांग.

सलिल : होता. तूच दिलेल्या फोटोत आहे. राजस्थानात लष्कराचा सराव चालू असतानाचा फोटो, दादा गाडीला टेकून उभे. त्यांच्या खांद्यामागे डबा स्वच्छ दिसतो. भिंग लावून मापं काढली मी त्याची.

क्षिप्रा : म्हणजे दादा चुकले.

सलिल : फोटोपुरतं म्हणशील तर, हो.

क्षिप्रा : स्वतः चालवलेल्या गाडीवर काय होतं ते आठवत नाही त्यांना. ठीक आहे. कळायचं ते कळलं.

सलिल : काय कळलं? वाढदिवसाची भेट आहे ना ही?

क्षिप्रा : दादांचा वाढदिवस मार्चमध्ये असतो.

सलिल : आत्ता तर नोव्हेंबर आहे.

क्षिप्रा : जन्मापासून शेजारी राहतोस आणि माझ्या वडिलांचा वाढदिवस तुला माहीत नाही. म्हणून खपून गेलं.

सलिल : मग कशासाठी करून घेतलीस माझ्याकडून?

क्षिप्रा : गेल्या महिन्यात दादांनी चौल नाक्यावर स्कूटर ठेवली आणि चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी मला खारघरला फोन, स्कूटर चोरीला गेली. डॉक्टर म्हणाले, अलीकडचं विसरणं वेगळं, जुनं किती शाबूत आहे ते घरीच बघा. ओळखीच्या वस्तू दाखवा, बोलतं करा. सोमवारी मला डॉक्टरना सांगायचंय. जुनंही जात असेल तर दादांना इथं वाडीत एकटं ठेवता येणार नाही. आई होती तोवर गोष्ट वेगळी होती. मी घेऊन जाणार त्यांना.

सलिल : दादा. खारघरला. अकराव्या मजल्यावर.

क्षिप्रा : तू राहशील इथं त्यांच्यापाशी रात्रीचा?

सलिल : हे मला आधी सांगायचं होतंस.

क्षिप्रा : सांगितलं असतं तर केलीच नसतीस.

सलिल : केली असती. वेगळी केली असती. दुकानात मिळतो तो संच लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या तोफेच्या गाडीचा असतो. दादांची गाडी जखमी आणायची, तिला तोफ नाही. मी वरचा बुरूज काढला, भोकावर पातळ प्लास्टिकचा पत्रा बसवला, मागची दारं कापून उघडी केली, आत तांब्याच्या तारेची स्ट्रेचरं केली. आणि आधाराला काय, तर फोटो एक. तोही एकाच बाजूनं. दिसलं नाही तिथं मी अंदाजानं केलंय. भेट म्हणून चालतं ते. परीक्षा घ्यायची आणि प्रश्नपत्रिका अंदाजानं काढायची, असं चालतं का?

क्षिप्रा : डबा तर अंदाजानं नाही ना लावलास?

सलिल : नाही. डबा फोटोत आहे.

क्षिप्रा : मग झालं तर.

(मागच्या दारानं दादा येतात.)

दादा : आलास का? बरं झालं. तुझी वाळू चुकलीय.

सलिल : वाळू?

दादा : गाडीखाली फळीवर पसरलीयस ती. आपल्या नागावच्या किनाऱ्यावरची ना? काळपट आहे. तिकडची अशी नसते रे. पिवळी, मैद्यासारखी. डोळ्यांनी दिसायची नाही, रोटीत दाताखाली आली की कळायची.

सलिल : किनाऱ्यावरचीच आहे. चाळून घेतली होती.

दादा : चाळल्यानं रंग बदलतो होय?

क्षिप्रा : दादा, वाळू इतकी आठवते, मग डबा कसा आठवत नाही?

दादा : आठवतो की.

क्षिप्रा : मग काढलात का?

दादा : माझ्या गाडीला नव्हता म्हणून.

सलिल : हा फोटो बघा ना. हे तुम्ही. हा डबा.

दादा : बरोबर. ही माझ्या तुकडीतल्या शेलारची गाडी.

क्षिप्रा : काय?

दादा : माझी वर्कशॉपला होती. पट्टा तुटला होता. नेमका त्याच दिवशी फोटोवाला आला. पुन्हा कधी येईल कुणी सांगावं. टेकलो शेलारच्या गाडीला.

क्षिप्रा : मला कळायला लागल्यापासून हा फोटो भिंतीवर आहे. प्रत्येक पाहुण्याला तुम्ही सांगितलंत, ही माझी गाडी.

दादा : पाहुण्याला काय सांगू, माझ्या गाडीचा पट्टा तुटलाय? तुझी आई सगळ्या आळीत फोटो दाखवून आली होती. नंतर बदलायचं कसं?

सलिल : दादा, फोटोत नंबरावर तुमचा हात आलाय. दिसत नाही म्हणून मी नंबर घातलाच नाही.

दादा : मुद्दाम ठेवलाय हात. दुसऱ्याच्या गाडीचा नंबर घरी कसा पाठवायचा?

क्षिप्रा : हे तुम्हाला आत्ता सुचलं का?

दादा : काय म्हणालीस?

क्षिप्रा : काही नाही.

सलिल : तुमच्या गाडीचा नंबर सांगता? रंगवून टाकतो.

दादा : शेवटी सत्तेचाळीस. थांब. सत्तेचाळीस शेलारची. माझी चौऱ्याहत्तर. का उलटं? अरे, नंबर बाहेरून असतो. मी आत बसायचो.

क्षिप्रा : शेलारकाका हयात आहेत?

दादा : आहे की. पाटणला असतो. दिवाळीला बोललो त्याच्याशी.

क्षिप्रा : द्या तुमचा मोबाइल. अंगणात जाऊन लावते, इथं रेंज नाही.

दादा : विचार, खुशाल विचार. माझं नाव सांग, नाहीतर कर्जवाली समजून ठेवून देईल.

सलिल : बसा दादा.

दादा : गेली ना ती? आता सांग. सोमवारी डॉक्टरकडे जायचं, तिथून पुढं खारघर. ठरलंय ना?

सलिल : मला आजच कळलं.

दादा : मला स्कूटर सापडली त्या दिवशीच कळलं. बॅग आणलीय तिनं मोठी. दोन दिवसांसाठी कोण एवढी बॅग आणतं?

सलिल : ती घाबरलीय, दादा.

दादा : तू एक कर. डबा परत लाव. मी म्हणतो, चुकलो, होता डबा.

सलिल : नव्हता ना पण?

दादा : फोटोत आहे ना? मग फोटोप्रमाणे उत्तर आलं की पास.

सलिल : तुम्ही आता चुकलो म्हणालात, तर ती म्हणेल आधी विसरलात. त्यातून सुटका नाही.

दादा : तेही खरंच.

सलिल : आणि नसलेला डबा मी लावणार नाही.

दादा : असला तर?

सलिल : म्हणजे?

दादा : म्हणजे डोळे मिटले की मला गाडी दिसते. डावी बाजू मोकळी दिसते. हात फिरवला तर नुसता पत्रा लागतो, तापलेला. पण तुम्ही दोघं अशी बघायला लागलात माझ्याकडं की त्या पत्र्यावर डबा यायला लागतो. आता यातलं माझं कुठलं आणि तुमचं कुठलं?

सलिल : मला नाही सांगता येणार.

दादा : बारकाईचं काम तुझं, म्हणून विचारलं.

क्षिप्रा : लागला फोन. शेलारकाकाच बोलले.

दादा : काय म्हणाला?

क्षिप्रा : ओळखलं त्यांनी. तुम्ही कसे आहात विचारलं. पट्टा तुटला होता म्हणाले, वर्कशॉपला गेली होती म्हणाले.

सलिल : मग बरोबर आहे की.

क्षिप्रा : त्यांची गेली होती. पट्टा त्यांचा तुटला होता. आणि डबा दादांच्या गाडीला होता, त्यात चहाचं सामान असायचं, असं म्हणाले.

दादा : शेलारचं काही धरू नकोस. गेल्या वर्षी झटका आलाय त्याला. सुनेला बायकोच्या नावानं हाक मारतो.

क्षिप्रा : मग कोणाचं धरू, दादा?

दादा : मी विहिरीवरचा पंप बंद करून येतो. टाकी भरली असेल.

सलिल : मी जातो ना.

दादा : बस. चहा पिऊन जा.

क्षिप्रा : जाऊ दे त्यांना.

सलिल : पट्टा तुटला होता, एवढं तरी दोघांनाही आठवतंय.

क्षिप्रा : डॉक्टरना काय सांगू? कोणाचा तरी तुटला होता?

सलिल : वाळूचं सांग. वाळू बरोबर ओळखली.

क्षिप्रा : वाळू नागावची होती म्हणून ओळखली. रोज पायाखाली असते ती.

सलिल : तिकडची पिवळी, तेही सांगितलं ना.

क्षिप्रा : वाळवंट टीव्हीवरही दिसतं, सलिल.

सलिल : मग मला काही सुचत नाही.

क्षिप्रा : मलाही. त्यांचं ऐकलं की त्यांचं पटतं. शेलारकाकांचं ऐकलं तेव्हा त्यांचं पटलं. तेही इतकं खात्रीनं बोलत होते.

सलिल : पाणी वाहतंय का कुठं?

क्षिप्रा : टाकी वरून वाहतेय. पंप चालूच आहे अजून.

सलिल : पोचले नसतील विहिरीपाशी.

क्षिप्रा : विहीर पोफळींच्या पलीकडेच आहे.

सलिल : बघून येऊ?

क्षिप्रा : नको. अजून थोडं थांबू.