मगरीच्या पोटातला केसांचा गोळा

नक्की आठवत नाही हो... रुमाल आधी नाकाला लावला की आधी ओकलो... पण वास! वास विचारू नका! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं कॉलेजात मगरीची पचनसंस्था शिकवली, फळ्यावर, रंगीत खडूंनी, आणि खरी उघडलेली मगर पाहिली ती निवृत्तीनंतर, गोदावरीच्या काठी! जाळ्यात अडकून मेलेली. ती उघडायची कशाला? तर झेंडूचा मळेवाला झिपरू चार दिवस बेपत्ता आणि त्याच्या चपला काठावर! त्याचा भाऊ कोंडाजी म्हणतो, "मगरीनंच नेला. वहिनी, मंगळसूत्र काढा, आता कशाची वाट बघता?" आणि झिपरूची बायको मालनबाई, मंगळसूत्र मुठीत आवळून, "आधी तिचं पोट फाडा, मग बघू!"

जनावरांची डॉक्टर तेजश्री, माझीच विद्यार्थिनी, सुरी चालवते आणि वर मलाच विचारते, "सर, जठराचे दोन भाग ना?" दोनच... बहुतेक! पहिला जाडजूड, मुठीसारखा, आत दगड, अहो, खरेखुरे दगड! दुसरा चिमुकला. मगर चावत नाही, तुकडेच्या तुकडे गिळते, आम्ल असं जहाल की हाडंसुद्धा विरघळतात, पण केस? केस पचत नाहीत! हे मीच शिकवायचो, आणि नेमकं तेच बाहेर आलं... नारळाएवढा केसांचा गोळा, हिरवट, बुळबुळीत, आणि वास... विचारू नका!

"सायब, हे माझ्या धन्याचं हाय का नाय?"

आता सांगा, हे पीएच.डी.त होतं का? सूक्ष्मदर्शक राहिला शहरात, बाई समोर उभी. मग मी काय केलं? हुंगलं! शी! या नाकानं हुंगलं! आणि बोलून गेलो, "शेळी आहे."

तेजश्री हळूच, "सर, नक्की?"

"शेळीच!"

कोंडाजी म्हणाला, "लय शिकलेले सायब! नुसत्या वासानं वळखतात!"

मालनबाईनं मूठ सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सुरगाण्याहून आलेल्या जीपमधून झिपरू उतरला, धडधाकट! बायकोशी भांडून पाहुण्यांकडे जाऊन बसला होता. चपला? तिला घाबरवायला ठेवल्या म्हणे! मग काय, गावानं मला झेंडूचा हार घातला, भाषण करायला लावलं, आणि मला त्या झेंडूलाही तोच वास... विचारू नका!

गोळ्यातली चिमूटभर मी बाटलीत जपून ठेवली होती. पाच वर्षं उघडायची हिंमत झाली नाही. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तीनदा ताडून पाहिली, तेजश्रीलाही दाखवली... माणूस नव्हता, एवढं खरं. पण शेळी कुठली हो? कुत्रं होतं ते!