पत्राच्या पाठीमागचा शब्द

नाही नाही मावशी, रांग ती तिकडे — कर्नलसाहेबांची. खांबाला वळसा घालून पार कॉफीच्या टेबलापर्यंत गेलीय ना, तीच. इथं रांग नाहीये. इथं मी आहे, माझं पेन आहे आणि पुस्तकांचा हा गठ्ठा आहे, सकाळी होता तेवढाच. एक कमी झालं म्हणा, ते सूत्रसंचालकानं उचललं, वाचून सांगतो म्हणाला — सांगतोय कसला! — काय? माझ्याकडेच आलात? मुद्दाम? बसा की मग, उभ्या का? ती खुर्ची नको, ती डुगडुगते, मघाशी तिच्यावरून एक समीक्षक पडता पडता वाचले. ही घ्या.

ऐकलंत ना माझं भाषण? भाषण कसलं, अकरा मिनिटं. वीस कबूल केली होती, छापलंय बघा या पत्रिकेवर — 'युद्धकाळ आणि लेखक, प्रत्येकी वीस मिनिटं, भोजनासह'. भोजनासह! म्हणजे काय, तर कर्नलसाहेबांना उभं केलं सुपाच्या आधी, लोक भुकेले, हातात काही नाही, ऐकतील नाहीतर करतील काय — आणि या गृहस्थानं पस्तीस मिनिटं एक पूल जिंकला. एकच पूल, मावशी! डावीकडून जिंकला, उजवीकडून जिंकला, पडद्यावर लाल बाण, निळे बाण. आणि तो पूल पडला तेव्हा स्वारी रजेवर होती, हे या हॉलमध्ये निम्म्या लोकांना माहीत आहे, पण कोण बोलणार! माझी पाळी आली तेव्हा गोड वाढत होते. मी सांगतेय, माझे वडील युद्धात टपाल तपासनीस होते, सैनिकांची पत्रं घरी जायच्या आधी वाचायचे, गावाचं नाव, पुलाचं नाव, तुकडीचा आकडा दिसला की ब्लेडनं तेवढं कापून टाकायचे — आणि पुढच्याच टेबलावरचा एकजण वेटरला विचारतोय, यात अंडं आहे का हो? अशी तिडीक गेली डोक्यात! म्हटलं, खाली बसावं, आपणही पुडिंग खावं.

मग मी पुस्तकातलं एकसष्ट नंबरचं कात्रण वाचलं, वडिलांनी कापलेल्या तुकड्यांतलं. तेव्हा कुठं चमचे थांबले. नेहमी तिथंच थांबतात. — तुम्हालाही तेच पान? त्यावरच सही? बघा, मला माहीतच होतं. कागदाचा बोटभर तुकडा, एका बाजूला गावाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला एकच शब्द, 'मारू'. कुणीतरी पोरगा आईला लिहीत असणार, धाकट्याला मारू नकोस. लोकांना घरचं आठवतं, रुमाल निघतात. आधीची नव्वद पानं मी वडिलांवर लिहिलीत, सात वर्षं खपून, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. बरं, नाव काय घालू? — नुसतं 'धाकटी'? बरं बाई, धाकटी तर धाकटी.

हे काय? — अरे. पत्र आहे. खरंच आहे. द्या, बघू. भीती नको, हात पुसलेत मी. — हो, कापलंय. आणि कोपरे बघा, गोल केलेत. चौकोनी कापलं की कोपऱ्यातून कागद फाटत जातो, म्हणून ते गोल कापायचे, घरी वर्तमानपत्रातून काही कापायचं असलं तरी असंच. त्यांनीच कापलंय असं मी नाही म्हणत हं, तपासनीस बावीस होते. पण असू शकेल. 'आम्ही परवा' — मग भोक — 'येथे पोहोचलो, पाय सुजले आहेत.' बरोबर, गावाचं नाव गेलं, दोन अक्षरीच असणार. आणि पाठीमागं — 'आई, धाकटीला' — भोक — 'नकोस.'

तुम्ही ती धाकटी.

हेच तर व्हायचं, मावशी. कापायचं पुढच्या बाजूचं, आणि पाठीमागं जे असेल ते फुकट जायचं. उलटून बघायला वेळ कुठला, दिवसाला दोनशे पत्रं. भाऊ मग — नाही आले. हं. शेवटचंच पत्र हे. आणि आईनं काय धरलं? 'पाठवू'? धाकटीला पाठवू नकोस? — कुठंच? शाळेला? तालुक्याच्या शाळेत नाही, नर्सिंगला नाव लागलं होतं तिथं नाही, लग्न करून — दोनदा आले होते विचारायला? दोन्ही वेळा हे पत्र काढून दाखवलं? आणि तुम्ही ऐकलंत! — नाही, तसं नाही, मी कोण बोलणारी, भावाचा शेवटचा शब्द म्हटल्यावर माणूस काय करणार. आई कधी गेल्या? गेल्या वर्षी. एक्याण्णवाव्या वर्षी. म्हणजे तोवर तुम्ही दोघीच, त्याच घरात.

आणि मग चार महिन्यांपूर्वी वाचनालयात माझं पुस्तक. एकसष्ट नंबर. 'मारू'.

आईनं पट्टी उचलली की भाऊ मध्ये यायचा, तुम्हाला पाठीशी घालायचा. हो, अगदी बसतंय. बसतंय खरं... काय दाखवू? कात्रण? मूळ कात्रण? ते असं आहे मावशी, ती सगळी कात्रणं बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. दमट हवा सोसत नाही ना त्यांना. शिवाय एका संग्रहालयाशी बोलणं चाललंय, त्यांनी बजावलंय, कुणाला हात लावू द्यायचा नाही — हो, कळलं, घेणार नाही तुम्ही. नुसतं भोकावर ठेवून बघायचं, अक्षर त्याचंच आहे का, एवढंच. कळतंय मला. नाही, सोमवारी नाही जमणार. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. अहो, किती मागे लागाल! फोटो असतो का सगळ्याचा? मी काय कर्नल आहे, पडद्यावर बाण दाखवायला? छापलंय ना पुस्तकात, मग झालं की! सही झाली, घ्या पुस्तक.

— बसा. उठू नका. बसा म्हणते ना.

नाहीयेत. लॉकर नाही, पेटी नाही, कात्रणं नाहीत. रोज संध्याकाळी साहेबासमोर सगळे तुकडे शेगडीत घालायचे, तसा नियमच होता, आणि माझ्या वडिलांनी जन्मात नियम मोडला नाही. घरी त्यांनी आणली फक्त एक खोड. म्हातारपणी हातात कागद आला की उलटून बघायचे. दुकानाची पावती, डॉक्टरची चिठ्ठी, माझ्या मुलाचं प्रगतिपुस्तक — पाठ बघितल्याशिवाय बाजूला ठेवायचे नाहीत. कोरी असली तरी बघत बसायचे. एवढंच मला मिळालं, ते मी लिहिलं. प्रकाशक म्हणाला, बाई, छान आहे, पण वाचकाच्या हाताला काहीतरी लागायला हवं, ते तुकडे कुठं आहेत? आणि मी म्हटलं, आहेत. तोंडातून निघून गेलं. मग दीड महिना स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून एकशे त्रेचाळीस तुकडे लिहिले. 'मारू' कांदा चिरताना सुचलं. आता ऐकलंत? जा, सांगा तिकडे माइकवर जाऊन, रांग आयतीच आहे. माझी काय ती बेअब्रू होऊ दे एकदाची, मला कंटाळा आलाय त्या चमच्यांचा!

तोंड असं नका करू हो. ओरडा माझ्यावर. मी तुमच्या जागी असते तर हा गठ्ठा उधळला असता. चार महिने तुम्ही त्या एका शब्दावर काढलेत, आणि तो माझा. तुमच्या भावाचा नाही. म्हणजे पुन्हा आईचंच खरं, असंच ना? 'पाठवू'च?

थांबा. घडी नका घालू. दोन कागद आहेत ना? दुसरा द्या. अक्षर ऐसपैस आहे तुमच्या भावाचं — इथं, तिसऱ्या ओळीत, काय लिहिलंय? 'मोजे मिळाले, आणखी पाठवू नकोस.' बघा, त्याच्याच हातचा शब्द आहे, तोच. आता पहिला कागद त्याच्यावर ठेवा, पाठ वर करून. सरकवा. अजून थोडा. भोक बरोबर त्या शब्दावर येऊ दे. काय दिसतंय? वाचा ना, चष्मा लावा. — 'ठ'. 'ठ' आणि पुढचं जेमतेम अर्धं. 'पा' बाहेर राहिला, 'वू'ही अर्धा बाहेर राहिला. मावतच नाही, मावशी! कसाही सरकवा, एवढ्याशा जागेत तो शब्द बसणारच नाही. काय होतं ते मला नाही माहीत, ते शेगडीत गेलं, आता कुणालाच कळायचं नाही. पण 'पाठवू' नव्हतं. हे मी माझ्या मनचं नाही सांगत, तुम्हीच बघताय.

पण हे दोन्ही कागद तर घरातच होते ना? एकत्रच, एकाच पाकिटात? आणि तुम्ही दोघीही घरातच.

कुणी कधी एकावर एक ठेवलेच नाहीत?

अहो मावशी, परत परत तेच काय सरकवून बघताय?

पाणी मागवू का?