धरून ठेवायची दहा मिनिटं

—नाही नाही, दार उघडंच राहू द्या साहेब, मला काही लपवायचं नाही — आणि ती वही मिटलीत तर बरं, मी अजून तोंड उघडलं नाही तोच काय लिहून घेताय? बसते. साधी चौकशी म्हणालात. साध्या चौकशीला कुणी मुख्य कचेरीतून वॉर्डात येतं का? तेवीस वर्षं आया आहे मी इथे, साधं काय असतं ते मला कळतं. हे त्या पैलवानाचं काम आहे ना? खरं सांगा.

पैलवान म्हणजे तो नवा मदतनीस हो, चांगला तिशीचा बाप्या, रोज जिमला जातो. पहिल्याच दिवशी ऑक्सिजनचं सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढला, सगळ्या सिस्टर बघत राहिल्या. मी नाही बघितलं — म्हणजे बघितलं, पण कौतुकानं नाही. अहो, सिलिंडर उचललं, ठेवलं, झालं, ते काही कण्हत नाही. आता हे सात नंबरचे मास्तर घ्या. पाठीला जखम, दिवसातून दोनदा ड्रेसिंग, आणि तेवढा वेळ त्यांना कुशीवर धरून ठेवायचं — उचलायचं नाही, धरायचं, दहा मिनिटं, कधी पंधरा, आपण हललो की त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तिसऱ्या मिनिटाला पैलवानाच्या दंडांना कापरं. एवढाले दंड, आणि कापरं! जिममध्ये म्हणे बारा वेळा उचलायचं आणि बसून पाणी प्यायचं. इथे कोण पाणी पिऊ देतंय? मीच सांगितलं त्याला, श्वास कोंडू नकोस, गुडघा पलंगाला टेकव, भार हाडांवर घे — पोटच्या पोरासारखं शिकवलं हो, आणि हा माझंच नाव घेतो?

मंगळवारचं ना? सांगते की. सिस्टर जखम धूत होत्या, खांद्याकडे तो, पायाकडे मी — हो, पूर्वी खांदे मीच धरायचे, जड बाजू माझी, सगळा वॉर्ड सांगेल. पाय धरते ते तो आल्यापासून. का म्हणजे? त्याला शिकायला मिळावं म्हणून. हाताचं काही नाही. कोण म्हणालं हाताचं? जरा मुंग्या येतात, बादली धरली की, वेणी घालताना — कुणाला येत नाहीत? तर मास्तर सुटले आणि पलंगाच्या कठड्यावर आपटले. कुठे लागलं म्हणजे? घोट्याला.

हो. पाय माझ्याकडेच होते. पण वरून त्याने हिसका दिला असेल — असेल म्हणजे, मी त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्या बोटांकडे बघत होते. बोटं होती जागेवर, धरल्यासारखी, पण त्यांनी काही धरलंय की नाही तेच मला कळत नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडेच बघितलं. तेवीस वर्षांत माझ्या हातून माणूस सुटलं नव्हतं साहेब. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, आत्ता घरी बसवलंत तर मी करू काय?

पैलवानाने त्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. वाचा मोठ्यानं, मी काय भिते की काय.

'माझी पकड सुटली. मावशींचा काही दोष नाही.'

एवढंच? मागे असेल काहीतरी, उलटा तो कागद. बघू, इकडे द्या.

कोराच आहे.

ही सही त्याचीच ना?

घंटा झाली बघा सात नंबरची, ड्रेसिंगची वेळ. तो एकटाच आहे तिथे. तुमचं पेन ठेवा इथे, हा कागदही राहू द्या, मला लिहायला वेळ लागतो हल्ली. आणि तुम्ही उठा. बाह्या वर घ्या, आत जा, पाय धरा मास्तरांचे, मी लिहून येईपर्यंत. आणि साहेब, श्वास कोंडू नका.