मागे पडलेल्या हिरव्या पेशी

मंडळी, देवापुढे हात जोडलेच आहेत, तर ते तसेच राहू द्या आणि एवढं सांगा — मेळा पुढे सरकतो, तो कुणामुळे? जो पुढे चालतो त्याच्यामुळे? ...बघा! पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर लगेच माना डोलल्या. चालायचंच. सोफाच तसा आहे.

तर ऐका. कथा माशाची. मत्स्यावताराची नव्हे, त्याहून लहान! करंगळीएवढा, अंगावर निळे पट्टे, नाव झेब्राफिश. नाव परदेशी, पण मासा आपला हो! आपल्याच देशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत पोहणारा. आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याला मान देतात. इथे आपण त्याला ओळखतही नाही — आपल्या माणसांशी आपण वागतो तसंच!

हा मासा अंड्यात असताना काचेसारखा आरपार दिसतो. आत एक नवल चालतं. कानामागून पेशींचा मेळा निघतो, एकमेकींना धरून, थेट शेपटीपर्यंत! वाटेत थोड्या थोड्या जणी मुक्काम करतात, आणि त्यांच्यातून पाण्याची हालचाल ओळखणारी इंद्रियं घडतात. मेळा अडला, तर मासा पाण्यात राहील, पण पाणी त्याला कळणार नाही.

यांना वाट दाखवतं एक प्रथिन. सगळ्या वाटेवर पसरलेलं. समजा, साजूक तुपाचा वास! पण वास कानापाशी जेवढा, तेवढाच शेपटीपाशी. मग जायचं कुठे?

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हेमांगी तारळेकर याच्याच मागे लागली होती. तिच्याकडच्या एका जातकुळीच्या माशांत हा मेळा कानापाशीच अडायचा. जागच्या जागी नुसती चुळबुळ — सोसायटीची सभाच म्हणा ना! उपाय म्हणून तिनं निरोगी माशाच्या, हिरव्या चमकणाऱ्या पेशी त्या अंड्यांत सोडल्या. त्या मेळ्यात पुढे पडतील की मागे, हे मात्र नशिबावर.

तिचे गाइड कारखानीस सर म्हणाले, "हिरव्या पुढे पडल्यात तेवढीच अंडी ठेव. बाकीची फेक."

"सर, मागच्याही एकदा बघू या का?"

"अगं, इंजिन कधी मागे असतं का?"

असतं की! कर्जतला घाटासाठी मागूनच लावतात. पण पीएचडीच्या मुलीनं गाइडला हे सांगायचं नसतं.

"आणि हे शेवटचं हं, हेमांगी. या खेपेला मेळा हलला नाही, तर तुझा विषय बंद."

म्हणजे वर्षानुवर्षांची मेहनत सिंकमध्ये! हेमांगीनं अंडी निवडली. टाकायची बशी सिंकपर्यंत नेली — आणि थबकली. टाकाऊ म्हणून ठरलेल्यांना निदान एकदा बघावं तरी! मंडळी, देव इथे आला बरं का. तो दर वेळी गरुडावरूनच येतो असं नाही. कधी सिंकपाशी हात धरतो.

दुसऱ्या दिवशी पहिली बशी मायक्रोस्कोपखाली. हिरव्या पुढे. मेळा? चुळबुळ! सर उठले. "झालं तर मग."

"सर... ही दुसरी."

"ती फेकली नाहीस?"

"हात धजला नाही, सर."

आणि पडद्यावर — हलला! हिरव्या मागे, नि सगळा मेळा शेपटीकडे निघाला! संध्याकाळपर्यंत हेमांगी खुर्चीवरून उठली नाही. का हलला? पुढे तपासलं तेव्हा कळलं. अडलेल्या माशांच्या पेशींना ते प्रथिन गिळताच येत नव्हतं; निरोगी पेशी मागे राहून ते गिळून टाकतात. मागे सगळं ओस, पुढे घमघमाट! मग पुढच्यांना दिशा कळते. म्हणजे वाट पुढच्यांनी शोधलीच नव्हती — मागच्यांनी करून दिली होती!

सरांनी सगळं पुन्हा एकदा तपासून बघितलं. मग म्हणाले, "शोधनिबंधात तुझं नाव पहिलं. माझं शेवटी घाल."

गाइडचं नाव तसंही शेवटीच असतं हो, मानाची जागा म्हणून! पण ती मानाची का असावी, हे सरांना त्या दिवशी कळलं. आणि आमची हेमांगी? जिन्यावरून उतरली ती अशी ताठ मानेनं, की शिपायानं उठून दार उघडलं!

आता तुम्ही सांगा. या मांडवाचे खांब कुणी रोवले? आत घामाघूम होऊन शिरा कोण ढवळतंय? तुमच्या चपला कोण राखतंय? सगळे मागे उभे आहेत. वळून बघा एकदा... बघितलंत? हं!

तर आरतीनंतर प्रसाद आज मागच्या रांगेपासून. सोफ्यावरच्यांनी चुळबुळ करू नये!