पर्समधलं वायफाय

सानपाड्यात दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोघी शेजारणी नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या.

"गीतांजली, पर्समध्ये दगड भरलेत काय गं?"

"वायफायचा डबा आहे, अरुणाताई. क्षिप्रा घरी एकटी असते ना. बाहेर पडताना काढून सोबतच आणते."

"चेष्टा करतेस."

"दहावी आहे तिची. ऑनलाइन गोष्टी लिहायचं खूळ होतं, ते बंद केलं."

"अगं, मी मोबाइलवर एक गोष्ट वाचतेय. त्यातल्या मुलीची आईसुद्धा डबा पर्समध्ये घालून फिरते. मला वाटलं, काहीही लिहितात."

"कोण लिहितं?"

"खरं नाव नाही दिलेलं."

"मग त्या मुलीला नेट कुठून मिळतं?"

"शेजारच्या काकूंकडे अभ्यासाला जाते, तिथलं वापरते."

"क्षिप्रा तुमच्याकडेच येते अभ्यासाला."

"हो."

"पुढे काय होतं?"

"जाऊ दे ना."

"सांगा, अरुणाताई."

"कालच्या भागात आई मरते. घरात सगळे रडत असतात, आणि मुलगी आधी पर्समधला डबा काढून चालू करते."

"लोक काय म्हणाले?"

"सगळ्यांनी खाली हार्ट टाकलंय."

"तुम्ही?"

"मीपण टाकलं, गीतांजली."