कोठीमागचा वायफाय

तिकडं कुठं चाललात भाऊ? जिना चढायचा नाय, वर सून अन् नात जरा आडव्या झाल्यात. बसा इथं कोठीजवळ. आधी सांगा, तुम्हाला बोलावलं कुणी? — राजेंद्रनं? माझ्या लेकानं? मग मला कसं नाय बोलला? सकाळी शेंद्र्याला कंपनीत जाताना म्हणला, आई, औषध घे. वायफायवाला येणार, घरात रेंज वाढवणार, ह्यातलं अक्षर नाय. — काय, उद्याची वेळ दिली होती? इकडं दुसरं काम निघालं म्हून आजच आलात? उद्या तर मी लेकीकडं सिल्लोडला चाललेय. बघा, म्हंजी म्हातारी घराबाहेर पडली की उरकून घ्यायचं. हे सुरेखाचं डोकं. आमची सून. वरच्या दोन खोल्यांत नेट पोचत नाय म्हून सहा महिने नुसती भुणभुण — आता तुमच्या ह्या डब्यानं पोचंल, आसंच ना?

तुम्हाला वाटंल, म्हातारी रेंजला का भिती. सांगते. माझी जाऊ गोजरबाई, देवगाव रंगारीहून आमच्यासंगंच शहरात आली. तिच्या सुनेनं आधी वर वेगळं मीटर घेतलं — बिल समजत नाय म्हून. मग वेगळा गॅस — पाहुणे आले की बरं पडतं म्हून. मग बाहेरून जिना. आता गोजरबाईला नातवंडं दिसत्यात ती जिना चढताना, अन् ती बी पाठमोरी. भांडण नाय, तंटा नाय, गुपचूप वेगळे निघाले. आमच्यात अजून एक मीटर, एक गॅस, ह्या एका कोठीतली बाजरी — अन् एक वायफाय. सहा वाजले की सायली, माझी नात, बारावीला हाय, पुस्तकं घेऊन खाली येती. मागून सुरेखा भाजी निवडायला. मग राजेंद्र येतो कामावरनं. सगळे ह्या कोठीभोवती, मी मधी. नेटसाठी का होईना, बसत्यात ना?

कोठीमागं काय बघताय? — हात घालू नका. व्हय, वायफायचा डबा तिथंच हाय, मीच सरकवला. बसवणारा म्हणला होता, आजी, लोखंडाच्या आड ठेवू नका, रेंज अडती. बराबर बोलला. एवढी पत्र्याची कोठी, गच्च भरलेली — वर काय जातंय? पण माझ्या खोलीत बी येईना. मंजुषा, माझी लेक, बाळंत झाली, तर मोबाइलवर बाळाचं तोंड मधीच अडकायचं. रडले मी राजेंद्रपुढं. रडले, पण डबा काय हलवला नाय. — हे कुठं बोलू नका हां.

मोबाइलमधी काय दाखवताय? वाचता येतं मला, सातवी झालीय. 'सायली वरचा मजला' — अन् पुढं रेंजच्या दोन काड्या? शेजाऱ्याचं आसंल. — नाय? आमच्याच वरचं? तुम्हीच बसवलं? कधी? — दिवाळीला मी देवगावला होते, तवा. म्हंजी दिवाळीपासून त्यांचं वेगळं हाय. अन् मला कुणी… मग आज कशाला आलात? काय लिहिलंय, बघू द्या. 'आईच्या खोलीत रेंज द्यायची.' — वरचंच नेट खाली आणायचं म्हणता? एवढंच? वर काय बसवायचं नाय?

थांबा जरा. काल सायली म्हणली, आजी, वर नुसतं गोल गोल फिरतंय, सरक तिकडं, बसू दे. रोज म्हणती. सुरेखा बी मान डोलावती, म्हणती, व्हय ना, वर काय लागतच नाय. लई वाईट वाटलं मला एकदा, पोरीचा अभ्यास बुडतो म्हून, रात्रभर झोप नाय. अन् वर सगळं चालू. दिवाळीपासून चालू. मग ह्या खाली कशाला येत्यात हो?

नाय, तुम्ही नका सांगू काय. पावणेसहा झाले — आवरा तुमचं सामान. उद्याच या, मी नसंन तवा, अन् लिहिलंय तिथं बसवा. आज आला होतात म्हून बोलू नका. आत्ता त्यांनी तुम्हाला इथं बघितलं तर मला विचारावं लागंल, अन् मला नाय विचारायचं. उठा भाऊ. वरचं दार वाजलं.